काकांच्या घरी रात्रपाळीला जाण्याआधी

इंदूर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

रामबागेतल्या काकांकडे तुला सोमवारपासून रात्रीची ड्यूटी लागली, असं तुझी आई म्हणाली. मोटर न्यूरॉनचा, म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार, गळ्याला छेद देऊन श्वासासाठी बसवलेली ट्रेकिओस्टॉमीची नळी, चोवीस तास व्हेंटिलेटर. हॉस्पिटलात अलार्म वाजला की चार जण धावत येतात. इथे रात्री अडीच वाजता तू एकटी आणि पलीकडच्या खोलीत दमून झोपलेल्या काकू.

अलार्म वाजला की हात आपोआप तो बंद करायच्या बटणाकडे जातो. आवर त्याला. आधी काकांकडे बघ. छाती दोन्ही बाजूंनी उचलतेय का, ओठांचा रंग कसा आहे, डोळे भेदरलेत का? मग बोटावरचा ऑक्सिमीटर आणि शेवटी मशीन. प्रेशर वाढल्याचा अलार्म असला तर बहुतेकदा कफ साठलेला असतो, नळी अंगाखाली दुमडलेली असते किंवा तिच्यात पाणी साचलेलं असतं. प्रेशर उतरलं असेल तर कुठेतरी हवा गळतेय. मशीनपासून गळ्यापर्यंत एकेक जोड बोटांनी चाचपत ये. कारण सापडत नाही आणि काकांचा रंग बदलतोय, असं झालं तर शोधत बसू नकोस. गळ्यातल्या नळीपासून मशीन सोडव, अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास दे, काकूंना हाक मारून १०८ ला फोन करायला सांग. ही बॅग उशाशी टांगलेली हवी. घरोघरी ती कपाटात नीट घडी करून ठेवायची फार हौस असते!

सक्शन, म्हणजे नळीतला कफ मशीनने ओढून काढणं, घड्याळ बघून करायचं नसतं. घशात गुरगुर ऐकू आली, छातीवर हात ठेवल्यावर खरखर लागली, की करायचं. त्यासाठी आत घालायचा कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, गळ्यातल्या नळीच्या आतल्या पोकळीच्या निम्म्याहून जाड नको. ८ नंबरच्या नळीला १२ फ्रेंचचा (फ्रेंच हे कॅथेटरच्या जाडीचं माप) बरोबर बसतो. आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, आणि सगळं १० ते १५ सेकंदांत आटपायचं. करण्याआधी काकांना सांगायचं, दर वेळी.

सेटिंगला हात लावायचा नाही. भेटायला आलेलं कुणी ‘जरा वाढवून दे ना’ म्हणालं तरी नाही. नळी बदलणंही तुझं काम नाही, पण त्याच मापाची एक आणि एक नंबर लहान अशा दोन नळ्या घरात आहेत ना, हे पहिल्याच रात्री बघून घे.

काकांना सगळं ऐकू येतं आणि कळतं. त्यांच्या पलंगाशी उभं राहून, ते तिथे नसल्यासारखं त्यांच्याबद्दल बोलणारे पाहुणे तुला भेटतील, तू त्यांच्यातली होऊ नकोस. अक्षरांचा तक्ता वापरायला शीक. एक ओळ स्वरांची, मग क, च, ट, त, प या वर्गांच्या ओळी, शेवटी य पासून पुढे. तू ओळी वाचायच्या, हव्या त्या ओळीवर ते पापणी मिटतील, मग त्या ओळीतली अक्षरं वाचायची. दोन अक्षरं आली की ‘पाणी हवंय का?’ असं मध्येच विचारायचा मोह होईल. धीर धर. चुकीचा अंदाज केलास तर बिचाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. माझ्याकडे पेशंट म्हणून एक निवृत्त मराठीचे मास्तर होते. त्यांचं उतरवून घेताना मी ‘उशि’ लिहिलं, तर उशी राहिली बाजूला, आधी दीर्घ ई करायला लावली.

लाइटचंही बघून ठेव. पावसाळ्याआधी मेंटेनन्ससाठी बंद करतातच. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते, पण जुनी झाली की ती पुस्तिकेत लिहिलेले तास देत नाही. सक्शन मशीनला मात्र इन्व्हर्टर आहे का ते विचार. नसेल तर पायाने चालवायचं एक घरात असू द्या, असं काकूंना सुचव.

आणि रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर चालतात. दिवसपाळीची मुलगी वेळेवर पोचणार नाही, आणि तिच्या हाती काम सोपवल्याशिवाय तुला उठता येणार नाही. कुणी आदल्या रात्रीच येऊन राहायचं, हे एजन्सीशी आठवडाभर आधी ठरव. जादा तासांचे पैसेही तेव्हाच बोलून घे. लाजू नकोस.

तुझी,
मावशी