‘विश्वास शेअर करणे’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल मित्रांना, घरच्यांना सांगायचं, त्याला आम्ही ‘विश्वास शेअर करणे’ म्हणतो. ‘साक्ष देणे’ कोर्टातलं वाटतं, ‘सुवार्ता’ पुस्तकी वाटते. मग म्हणायचं काय?

आधी एक विनंती, ‘शेअर’चं ‘वाटणे’ करू नका. मराठीत पत्रकं वाटतात, मिळकत वाटतात. वाटलं की आपल्याकडचं कमी होतं. त्यात ‘मला विश्वास वाटतो’ मधला ‘वाटणे’ निराळाच. ‘मी विश्वास वाटला’ म्हटलं की ऐकणारा गोंधळलाच.

‘सुवार्ता’ शब्द नेमका आहे. ग्रीक ‘एव्हांगेलिऑन’ म्हणजे चांगली बातमी. ‘शुभवर्तमान’ही तेच, त्यातलं वर्तमान म्हणजे वर्तमानपत्रातलं. अडचण शब्दाची नाही, त्याच्या जोडीला येणाऱ्या क्रियापदाची आहे. बायबलात मार्क 16:15 मध्ये सुवार्तेची ‘घोषणा’ करायला सांगितलं आहे. घोषणा चौकात शोभते. जेवताना सख्ख्या भावापुढे केलीत तर तो ताट घेऊन आतल्या खोलीत जाईल.

माझं मत ‘साक्ष’ला. कोर्टाचा वास येतो हे खरं, पण तो शब्द कोर्टाने घडवलेला नाही. पाणिनीने ‘साक्षी’ची व्युत्पत्ती ‘साक्षात्’वरून दिली आहे: साक्षात् पाहणारा तो साक्षी. आणि त्या ‘साक्षात्’मध्ये ‘अक्षि’, म्हणजे डोळा, आहे. आता योहानाचा नववा अध्याय काढा. येशू जन्मांध माणसाला दृष्टी देतो आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, त्याची उलटतपासणी घेतात, तुला बरं करणारा पापी आहे की नाही सांग. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही; मी आंधळा होतो, आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. डोळ्यांवरून आलेल्या शब्दाला याहून चपखल उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. साक्षीदाराने पाहिलं तेवढं सांगायचं असतं. बाजू लढवायला वकील लागतो, आणि घरात वकिली कुणालाच आवडत नाही. (ग्रीकमध्ये साक्षीदार तो ‘मार्तुस’. पुढे त्याच शब्दाला हुतात्मा असा अर्थ चिकटला.)

तरी साक्ष हा सभेत, मंडळीत बोलायचा शब्द. मैत्रिणीला फोन करून ‘तुला साक्ष द्यायची आहे’ म्हणालात तर ती घाबरेल. तिथे साधं ‘सांगणे’ पुरतं. मार्क 5:19 मध्ये बऱ्या झालेल्या माणसाला येशू त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवतो आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग म्हणतो. ‘माझ्या बाबतीत काय घडलं ते तुला सांगू का?’ यात साक्षही आली आणि परवानगीही.

हे सांगण्याची रीत कशी असावी, त्यालाही मराठी बायबलात एक सुरेख शब्द आहे. तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या, असं 1 पेत्र 3:15 मध्ये आहे. एरवी भीडस्त माणसाला आपण बुजरा ठरवून मोकळे होतो. इथे भीड म्हणजे समोरच्याची बूज, मुरवत.

जाता जाता: ‘त्याने साक्षी दिली’ असं सर्रास ऐकू येतं. एकाच माणसाने एकदाच दिली असेल तर ती ‘साक्ष’. ‘साक्षी’ हे तिचं अनेकवचन: काल चौघांच्या साक्षी झाल्या.