लाकडी रेघांसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): वडिलोपार्जित 1940 च्या सुमाराच्या अमेरिकन गाडीचा डॅशबोर्ड आणि चार दारांच्या काचेभोवतीच्या पत्र्याच्या पट्ट्या यांवरची लाकडी छटा उडाली आहे. हाताने रेघा काढणारा कारागीर 1,40,000 मागतो, हायड्रो डिपिंगवाला 35,000. दरमहा 15,000 शिल्लक पडतात. आजारपणासाठी ठेवलेली 4 लाखांची दोन वर्षांची एफडी नोव्हेंबरात पिकेल. आता जूनमध्येच मोडू का?

उत्तर: मोडू नका. दंड 1 टक्का धरला, तरी 19 महिन्यांच्या व्याजातले सुमारे 6,300 रुपये जातील. शिवाय ही रक्कम दवाखान्याची आहे, गाडीची नव्हे.

रंगकामाच्या दृष्टीनेही ही घाई चुकीचीच. पावसाळ्यात हवेतली ओल ओल्या लॅकरवर बसते आणि पांढुरका धुरकटपणा येतो. काम फेब्रुवारीत करा, तेव्हा वडोदऱ्याची हवा कोरडी असते. जूनपासून 15,000 बाजूला टाकलेत, तर नऊ महिन्यांत 1,35,000 जमतात, म्हणजे कमी पडतील फक्त 5,000. मात्र काम उघडल्यावर क्लिपा, रबरी बीडिंग, मीटरभोवतीच्या क्रोम कड्या यांचे खर्च निघतातच. त्यासाठी आणखी एका महिन्याची शिल्लक हाताशी ठेवा.

35,000 चा मोह मला समजतो. पण डिपिंगमध्ये पाण्यावर तरंगणारी छापील फिल्म पत्र्यावर चढते. पट्टीच्या आवळ वळणांवर ती ताणली जाते आणि रेघा फाकतात. मिळेल त्या नक्षीवर समाधान मानावे लागते, मूळच्या रेघांशी ती जुळेलच असे नाही. जुनी गाडी घेणारा जाणकार मूळपणाच पाहतो, त्यामुळे हे पैसे वाचवल्यासारखे वाटून वाया जाऊ शकतात.

हाताचे काम असे चालते: रंग पत्र्यापर्यंत काढायचा, गंज घालवायचा, एच प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा पहिला थर), मग अस्तर देऊन 400-600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे. वर फिकट तपकिरी तळरंग, त्यावर गडद शाईच्या रेघा, शेवटी क्लिअरचे (पारदर्शक लॅकरचे) तीन-चार हात. काम बिघडते ते बहुधा क्लिअरला. पहिलाच हात जाड मारला की थिनर शाई विरघळवतो आणि रेघा वाहतात. म्हणून पहिले हात धुक्यासारखे हलके हवेत.

खर्च विभागण्यासाठी डॅशबोर्ड यंदा आणि दारे पुढच्या वर्षी, असे मात्र करू नका. तळरंगाची छटा दुसऱ्यांदा तंतोतंत जुळणे कठीण असते. पाचही भाग एकाच वेळी, एकाच हाताने व्हावेत.

हा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. परतावा धरून गणित मांडू नका. गाडी घरातच राहणार असेल, तर आनंदासाठी जरूर करा. मात्र कारागिराला आगाऊ 20 टक्क्यांहून जास्त देऊ नका. आधी मागच्या दाराची एक पट्टी करून घ्या आणि ती आठवडाभर उन्हात ठेवा. क्लिअर फुगले किंवा तडकले नाही, तरच पुढचा हप्ता द्या. काम संपल्यावर फोटो आणि बिले विमा कंपनीला देऊन गाडीची ठरीव किंमत (विम्यासाठी आधीच ठरवलेली रक्कम) नव्याने लावून घ्या.