खसखस कडवट का लागते, आणि ती घ्यायची, ठेवायची, वाटायची कशी?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीतली उरलेली खसखस रश्श्याच्या वाटणात घातली, तर रस्सा कडवट झाला, दाताखाली कचकच आली, आणि मिक्सरमध्ये ती वाटलीही गेली नाही. शिवाय दुबईला भावाकडे थोडी पाठवायची आहे.

कडवटपणा आणि कचकच यांची कारणं वेगळी आहेत. कचकच रेतीची, कडवटपणा खवटपणाचा. रेती काढता येते, खवटपणा काढता येत नाही. भाजून, धुऊन, गूळ घालून काही होत नाही, तेव्हा ती खसखस सरळ टाकून द्या. महाग आहे म्हणून जीव होत नाही हे समजतं, पण मूठभर खवट खसखस पातेलंभर रस्सा नासवते.

आपण तिला वेलची-दालचिनीच्या शेजारी ठेवतो, पण खसखशीच्या दाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. ते तेल हवेतला प्राणवायू फार पटकन घेतं. युरोपातले चित्रकार रंग कालवायला खसखशीचं तेल वापरत आले ते यामुळेच: हवा लागली की ते सुकून कडक होतं. चित्राला हे चालतं, खिरीला नाही. म्हणून गॅसशेजारच्या फळीवर खसखस ठेवूच नका. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, चार-सहा महिने चांगली राहते. फ्रीझरमध्ये वर्षभरही टिकते. बरणीत ओला चमचा घालू नका. भाजलेली किंवा कुटलेली खसखस तर त्याहून लवकर बिघडते, त्यामुळे लागेल तेवढीच ऐनवेळी भाजावी.

घेताना पन्नास किंवा शंभर ग्रॅमच घ्या. हे अफूच्याच झाडाचं बी. बोंडाला चिरे देऊन चीक काढतात आणि बोंड वाळलं की आतून खसखस निघते. आपल्याकडे लागवड केंद्र सरकारच्या परवान्यानेच होते, मुख्यतः मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे, राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगडकडे आणि उत्तर प्रदेशाच्या काही भागात. बाकीची तुर्कस्तानसारख्या देशांतून येते. म्हणून भाव असा चढा. मध्य भारतातला नवा माल उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघतो, म्हणजे नेमका आपल्या मसाल्यांच्या दिवसांत. वर्षाची खरेदी करायचीच असेल तर तेव्हा करा आणि फ्रीझरमध्ये टाका.

सुटी मिळत असेल तर दुकानातच चिमूटभर चावून बघा. चांगली खसखस गोडसर, दुधाळ लागते. जिभेवर मागाहून कडू आलं किंवा ऑइल पेंटसारखा वास आला तर परत ठेवा. महाग वस्तू म्हणून भेसळही होते, बहुधा राजगिऱ्याची. ती ओळखणं सोपं आहे: तापलेल्या तव्यावर चिमूटभर टाका. राजगिऱ्याची लाही फुटते. खसखस तडतडते, उडते, पण फुलत नाही.

रेतीसाठी खसखस तांदळासारखी रोळून घ्यायची. मोठ्या वाडग्यात पाणी घेऊन हलवायची आणि वरवरचं पाणी खसखशीसकट मलमलच्या फडक्यावर ओतायचं. रेती जड, ती तळाशी राहते. शेवटचा चमचाभर गाळ हावरेपणाने ओतू नका, सगळी रेती त्यातच असते. साध्या पिठाच्या चाळणीतून खसखस निसटते, म्हणून फडकंच हवं.

आता वाटणं. दाणा इतका बारीक की मिक्सरच्या पात्याखाली सापडतच नाही. ओलं वाटण हवं असेल तर गरम पाण्यात दोनेक तास भिजवा, चटणीचं लहान भांडं घ्या, आणि आधी जेमतेम पाणी घालून घट्टच फिरवा. पाणी जास्त झालं की दाणे नुसते गरगरतात. काजू किंवा ओलं खोबरं सोबत असलं की काम सोपं होतं. कोरडी हवी असेल तर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची, पूर्ण गार करायची आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याबरोबर थांबून थांबून फिरवायची. सलग फिरवली तर तेल सुटून लगदा होतो.

भाजायची की नाही हे पदार्थावर आहे. करंजीच्या सारणाला, सांबारवडीला (विदर्भातली कोथिंबिरीची वडी), काळ्या मसाल्याला भाजलेलीच हवी. कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याला मात्र भिजवून कच्चीच वाटा, नाहीतर रंग जातो. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळू देऊ नका. अनारशाला कोरडी, कच्ची खसखस. तळताना खसखशीची बाजू वर राहते आणि अनारसा उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवतात. उलटला की खसखस तुपात सुटते, जळते आणि पुढचा सगळा घाणा काळपट होतो. ओली वाटलेली खसखस मात्र त्याच दिवशी संपवा.

आता दुबईचं. भारतात खसखस विकणं, बाळगणं, खाणं पूर्ण कायदेशीर आहे. 1985च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात अफूचं बोंड येतं, बी येत नाही. स्वयंपाकातल्या खसखशीने नशा होत नाही. पण दाण्यांवर चिकाचा अंश लागलेला असू शकतो, म्हणून ज्यांची अंमली पदार्थांची चाचणी होणार आहे अशा खेळाडूंनी आधी ती खाऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये मात्र खसखस नेण्यावर बंदी आहे, आणि तिथे विमानतळावर घरगुती फराळ म्हणून सूट मिळेल अशी आशा धरू नका. भावाकडे खसखस पाठवूच नका, ज्या मसाल्यात किंवा सारणात ती आहे तेही नको. त्याच्यासाठीच्या करंज्यांत भाजलेले तीळ घाला, अनारसेही तिळावर थापा.