‘सरकारी जागा आहे, तुमचा काय संबंध?’

प्रश्न: मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाला लागून उघडी कोळसा खाण आहे, तिचा विस्तार होणार आहे. त्यात आमचं झुडपी जंगल, गायरान आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे जाणारी पांदण जाते. जनसुनावणीची जाहिरात ११ तारखेच्या पेपरात आली. सुनावणी पुढच्या महिन्याच्या ६ तारखेला, बावीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या सभागृहात. मधे पुरते सव्वीस दिवस. पंचायतीत इंग्रजी अहवालाचा गठ्ठा आलाय आणि मराठीत चौदा पानं. तलाठ्यांना विचारलं तर म्हणाले, ‘सरकारी जागा आहे, तुमचा काय संबंध?’ सरपंच म्हणतात, २०१९ मध्येच ग्रामसभेची एनओसी गेली. माझा दीर खाणीत ठेकेदाराकडे कामाला आहे, आम्ही बोललो तर त्याचं काम जाईल. आमची दोन एकर शेतीही संपादनाच्या यादीत आहे असं ऐकते. सुनावणीत सगळ्यांनी विरोध केला तर खाण थांबेल का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, थांबणार नाही. जनसुनावणीत मतदान नसतं. आठशे माणसांनी ‘खाण नको’ म्हणून घोषणा दिल्या तर इतिवृत्तात एक ओळ येते, ‘उपस्थितांनी प्रकल्पास विरोध दर्शविला’, आणि कागद पुढे दिल्लीला जातो. तरीही तिथे जायचंच आहे, पण वेगळ्या कामासाठी. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर न्यायाधीश बघणार ते कागद, आणि तुमच्या बाजूचा कागद तयार करण्याची हीच जागा.

आता तलाठी. सातबाऱ्यावर ‘सरकार’ लिहिलं म्हणून जागा बेवारस होत नाही. आपले जिल्हे जुन्या मध्य प्रांतातले. इथे गावाचे हक्क सातबाऱ्याखेरीज आणखी दोन दप्तरांत लिहिलेले असतात: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांना आजही जागा आहे. गुरं कुठं चरायची, सरपण कुठून आणायचं हे निस्तारपत्रकात. वाटा, पाणी, मासे धरण्याचे रिवाज वाजिब-उल-अर्जात. पुष्कळ ठिकाणी ही दप्तरं कपाटाच्या तळाशी पडलेली असतात आणि नव्या तलाठ्यांनी ती उघडलेलीही नसतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन्हींच्या नकलेचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की कारकून तोंड वाकडं करतो. करू द्या.

झुडपी जंगलाचं तर चित्रच बदललंय. महसूल म्हणायचं आमचं, वनखातं म्हणायचं आमचं, अशी ओढाताण वर्षानुवर्षं चालली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, ही जमीन १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाप्रमाणे (जंगल कशाला म्हणायचं हे सांगणारा न्यायालयाचाच जुना आदेश) वनजमीनच आहे असं सांगितलं. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ८६ हजार हेक्टरांवर जमीन यात येते. तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की कंपनीला एक नाही, दोन मंजुऱ्या लागतात: २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी आणि १९८० च्या कायद्याखाली वन मंजुरी. त्या मराठी चौदा पानांत झुडपी जंगल ‘पडीक सरकारी जमीन’ म्हणून दाखवलंय का, ते आज रात्रीच बघा. असेल तर तुमचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

चुकीची माहिती देऊन घेतलेली मंजुरी टिकत नाही, हे गोव्याच्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसलं होतं. अर्जात भोवतालच्या पर्यावरणाबद्दलची माहिती लपवली म्हणून मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित ठेवून तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला लावला. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झालाही. दोन्ही अर्धे लक्षात ठेवा. मी अशिलांना पहिला अर्धाच सांगून फी घेत नाही.

सुनावणीच्या सूचनेबद्दल तुम्ही मोजलेले दिवस बरोबर असतील तर ती सदोष आहे. अधिसूचनेच्या परिशिष्ट चारप्रमाणे लोकांना किमान तीस दिवस मिळायला हवेत, जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात हवी. शिवाय सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची असते. बावीस किलोमीटर म्हणजे ‘जवळ’ नव्हे, आणि त्या दिवशी गावातून एसटी किती सुटतात हेही लिहा. दोन्ही हरकतींचं एक पानी पत्र जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय यांना आजच द्या, जाहिरातीचं कात्रण जोडून. तारीख बदलली तर उत्तम. नाही बदलली तर ‘हरकत राखून हजर’ असं लिहून हजर राहा. बहिष्कार घालू नका. किती लोक आले यावर सुनावणी अवलंबून नसते, कोरमच नसतो. रिकाम्या सभागृहातही ती ‘संपन्न’ होते आणि इतिवृत्त लिहायला दुसरी बाजू मोकळी राहते.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी लागतो. चित्रीकरण सक्तीचं आहे. बोलायला आलेल्या प्रत्येकाला संधी द्यावी लागते, आणि शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. लोक जेवणाच्या वेळेला निघून जातात आणि नेमका हाच भाग कुणी ऐकत नाही. चार माणसं शेवटपर्यंत बसवा. तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच उठून सांगा, कॅमेरा चालू असताना.

या बाबतीतलं सगळ्यात बोलकं प्रकरण शेजारच्या छत्तीसगडचं आहे. रायगड जिल्ह्यात गारे ४/६ या कोळसा खाणीची जनसुनावणी ५ जानेवारी २००८ ला झाली. लाठीमार झाला, लोक पांगले, सुनावणी ‘पूर्ण’ झाली, मंजुरीही आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २० एप्रिल २०१२ रोजी ती मंजुरी रद्द केली, कारण सुनावणी नावालाच होती. त्याच पट्ट्यातली गारे पेलमा सेक्टर २ ही खाण आपल्या महाजेनकोची, म्हणजे महाराष्ट्राच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीची. तिची मंजुरी न्यायाधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा मिळाली. सात महिने. तिथल्या गावांना ते जिंकले की हरले हे विचारलंत तर दोन्ही उत्तरं मिळतील.

आता बोलायचं काय. ‘आमच्या पाण्याचं काय होणार?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘शासनाच्या नियमानुसार आवश्यक उपाययोजना करण्यात येतील.’ सुनावणीत आलेल्या प्रत्येक मुद्द्याला कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, तेव्हा प्रश्न असा घाला की त्याचं उत्तर आकड्यातच यावं. अहवालाच्या यादीत आमच्या गावातल्या कोणत्या विहिरी आहेत? पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात मोजली, ऑक्टोबरात की मे महिन्यात? मामा तलावाचं पाणलोट क्षेत्र ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्याखाली किती जातं? धुळीचं मापन शाळेजवळ केलं की कंपनीच्या गेस्ट हाऊसच्या गच्चीवर? आणि इंग्रजी गठ्ठा पदवीला असलेल्या एखाद्या पोराला वाचायला बसवा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर सापडला होता. तुमच्या गठ्ठ्यातही नसलेल्या नदीचं किंवा झाडाचं नाव असू शकतं.

काही वर्षांपूर्वी वणी भागातल्या एका सुनावणीला मी गेले होते. अकरा जण तावातावाने बोलले, सल्लागाराने अकराही वेळा ‘नियमानुसार’ म्हटलं. बारावे एक काका उठले. त्यांनी घराच्या भिंतीचे मोठे केलेले फोटो आणले होते. भिंतीला तडा, आणि तड्याच्या कडेने पेन्सिलीच्या आडव्या रेघा, प्रत्येक रेघेजवळ तारीख. त्यांची सातवीतली नात ब्लास्टिंगचा हादरा बसला की तडा जिथवर आला तिथे रेघ मारायची. चौदा महिन्यांत तडा चौकटीपासून छतापर्यंत गेलेला. काकांनी एवढंच विचारलं: ‘या तारखांच्या तुमच्या कंपनमापकाच्या नोंदी दाखवा.’ सल्लागार फाइल चाळत राहिला. अंतिम अहवालाला त्या नोंदी जोडाव्या लागल्या, आणि पुढच्या भरपाईच्या दाव्यात त्याच माझ्या कामी आल्या. तुमच्याकडे भिंती आहेत, पेन्सिल आहे.

खाण जुनी आहे म्हणता, तर आधीच्या मंजुरीच्या अटींचं काय झालं तेही काढा. कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अनुपालन अहवाल द्यावा लागतो. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर शोधा, नाही मिळाला तर माहिती अधिकारात मागा. झाडं लावली म्हणतात ती कुठल्या गटात लावली, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी अतिप्रदूषित ठरलं होतं, त्यामुळे नव्या धुळीचा हिशोब जुन्या धुळीत मिळवूनच मांडा असा आग्रह धरता येतो. आणि एक गोष्ट: मे २०२२ मध्ये विजेच्या टंचाईच्या वेळी निघालेल्या आदेशाने कोळसा खाणींना आहे त्या हद्दीत मूळ क्षमतेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत वाढ जनसुनावणीविना करायची सवलत दिली होती. तुमच्याकडे सुनावणी होते आहे, हेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

२०१९ च्या एनओसीची मला फारशी धास्ती वाटत नाही. ग्रामपंचायतीची ग्रामसभा वेगळी आणि वनहक्क कायद्याची ग्रामसभा वेगळी. दुसरीत गावातल्या निम्म्या प्रौढांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. माहिती अधिकारात त्या दिवसाचं प्रोसिडिंग आणि सह्यांचं पान मागवा. मयत माणसांनी सह्या केलेल्या मी पाहिल्या आहेत. मग वनहक्क समितीकडून सामूहिक वनहक्काचा दावा, नमुना ‘ख’, लगेच दाखल करा. निस्तारपत्रक आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे दोन्ही पुरावे नियमांत चालतात. दावा प्रलंबित असताना हटवता येत नाही, असं कलम ४(५) म्हणतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या निकालात, १८ एप्रिल २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांनाच विचारा म्हटलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. मात्र २०२२ पासूनच्या वन संवर्धन नियमांत वनहक्कांची पूर्तता तपासण्याचं काम केंद्राच्या तत्त्वतः मंजुरीआधीऐवजी नंतर, राज्य सरकारच्या टेबलावर गेलं आहे. म्हणून दाव्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्याच.

पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, भरवशावर राहू नका, अगदी तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात असलं तरी. पेसात ग्रामसभेची शिफारस गौण खनिजाला लागते, कोळसा गौण नाही. संपादनाआधी सल्लामसलत लागते, तेवढं खरं.

शेतीचं थोडक्यात. सरकारी कंपनी असेल तर बहुधा १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याने घेतील. कलम ७ ची सूचना राजपत्रात निघाली की तीस दिवसांत कलम ८ ची लेखी हरकत द्यायची. तुम्ही ‘ऐकते’ म्हणता. ऐकीव नको, राजपत्र पाहा. भरपाई आणि पुनर्वसन मात्र २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशोबाने मागता येतं.

दिराला सुनावणीत बोलायला लावू नका. त्याच्या नावाचा एकही कागद नको. तुमचं निवेदन तुमच्या सहीने, आणि सुनावणीआधीच मंडळाकडे लेखी पोचवा. सभागृहात कोण किती बोललं यावर मग काही अडत नाही.

मंजुरी निघालीच तर कंपनीला ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि पंचायतीलाही प्रत येते. त्या दिवसापासून तीस दिवसांत पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील. सबळ कारण असेल तर आणखी साठ, त्यानंतर दार बंद. दिवस मोजताना पहिली जाहिरात, संकेतस्थळ, पंचायतीचा फलक यांतलं जे सर्वांत आधी असेल ते धरा. भरपाई मागत नसाल तर अपिलाची फी हजार रुपये. वनहक्क कायदा मात्र न्यायाधिकरणाच्या यादीत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातच यावं लागतं.

सध्या हातात काम एवढं: हरकतीचं पत्र आज, नकलेचे अर्ज उद्या. निस्तारपत्रकाची किंवा वाजिब-उल-अर्जाची नक्कल मिळाली की त्यात तलावाची पांदण लिहिलेली आहे का ते बघून मला कळवा. असेल तर त्या वाटेपुरता तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करावा लागेल, आणि तो सुनावणीच्या आधी गेलेला बरा.