आमचं आडनाव कुलकर्णी. जुन्या कागदपत्रांत सापडणारे कुलकर्णी आमच्याच घराण्यातले आहेत हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की पेशवे दप्तराच्या छापील खंडांत आणि जुन्या पुस्तकांच्या सूचींत तुम्हाला बरेच कुलकर्णी सापडले. आता यातले आपले कोणते, त्यांना वंशावळीत कुठे बसवायचं आणि ठाण्यात राहून हे कसं जमवायचं, असा प्रश्न आहे.

कुठेच बसवू नका. निदान एवढ्यात तरी नाही. गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 मध्ये काढलेले ते 45 खंड म्हणजे निवडक कागद आहेत. त्यात 'कुलकर्णी' दिसला म्हणजे कुठल्यातरी गावचं दप्तर सांभाळणारा माणूस दिसला, बस. दोनशे वर्षांनी कुणी सगळ्या तहसीलदारांना एकमेकांचे चुलतभाऊ ठरवलं तर कसं वाटेल?

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी निवृत्तीपर्यंत कॅटलॉगिंग केलं. आडनावानं होणारे घोळ रोजचेच. इंग्रजी पुस्तकांवर 'व्ही. के. राजवाडे' असं छापलेलं असतं. एक विश्वनाथ काशीनाथ, इतिहासाचार्य. दुसरे त्यांचे थोरले भाऊ वैजनाथ काशीनाथ, यास्काच्या निरुक्तावर, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथावर, काम केलेले. घर एक, बाप एक, आद्याक्षरं एक, आणि एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर. केतकरांचं उलटं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश, ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी. नुसती नावं वाचून कुणीही बाप-लेक ठरवून मोकळा होईल. पण ज्ञानकोशकार रायपूरला जन्मले, अमरावतीला शिकले. व्यंकटेश बापूजी नरगुंद-बागलकोटकडचे. बाप-लेक नव्हेत. आणि आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं, त्याच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे, मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारं 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे. विनोबाही विनायकच, पण नरहरी भाव्यांचे, पेणजवळच्या गागोद्याचे. 'विनोबांचं महाराष्ट्र सारस्वत आहे का हो?' असं विचारणारी एम.ए.ची मुलं मी पाहिली आहेत.

आता घरातलं सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचून तेच आठवलं आणि डोकं पुन्हा तापलं. आम्हीही कुलकर्णी, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. आमचे थोरले दीर बँकेतून निवृत्त झाले आणि कुलवृत्तांताच्या मागे लागले. पहिल्याच पानावर त्यांनी आपेगावचे कुलकर्णी घेतले, म्हणजे थेट ज्ञानेश्वरांचं घर. मी म्हटलं, "भाऊजी, त्या चार भावंडांपैकी एकाचंही लग्न झालेलं नाही. आपण आलो कुठून?" तर म्हणे, "चुलत शाखा असेल की!" असेल की! आपेगाव पैठणजवळ, आमचं गाव कृष्णाकाठी, मधल्या कित्येक शतकांचा कागदाचा एक चिटोरा नाही, आणि हा माणूस पट्टी घेऊन रेघ ओढतोय. मग म्हणाले, गोत्र बघू. गोत्रं मोजकी आणि आडनावं हजारो. जुळलं तरी सिद्ध काय होणार?

शेवटी पुरावा हवा म्हणून तेच आम्हाला त्र्यंबकेश्वरला घेऊन गेले. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. गुरुजींनी पहिल्यांदा विचारलं ते गाव. भाऊजी 'आम्ही कुलकर्णी' म्हणून सुरू झाले होते, त्यांना हातानंच थांबवलं आणि म्हणाले, "कुलकर्णी सगळ्याच कपाटांत आहेत, गाव सांगा." गाव सांगितल्यावर वही निघाली. लांबट, दोऱ्यानं शिवलेली, कडेला कसरीनं खाल्लेली. सगळं मोडीत. आधी आडवी रेघ, मग तिला अक्षरं टांगलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण अक्षरांना अजून चिकटलेले होते, पान तिरकं धरलं की चमकायचे. मी मोडीचा वर्ग केलेला, म्हणून वाचायला मला बसवलं.

सासऱ्यांच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं. आणि आजोबांच्या नावापुढे स्वच्छ 'दत्तपुत्र', शेजारच्या गावच्या अमुक जोश्यांचा मुलगा. म्हणजे रक्ताचा हिशेब करायचा तर आम्ही जोशी! मी मोठ्यानं वाचलं. भाऊजींनी ऐकलं आणि म्हणाले, "हे लिहून घेऊ नकोस."

मी घेतलंच. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तो पोरगा दत्तक आला म्हणून वतन, म्हणजे कुलकर्णीपणाचा वंशपरंपरागत हक्क, घरात राहिलं, नाहीतर कुलकर्णी म्हणायला आज कोण उरलं असतं? पण पुस्तक छापून आलं तेव्हा दत्तक गायब, ज्ञानेश्वर कायम. मधल्या पिढ्यांची सगळी यादी माझ्या टिपणांवरून घेतलेली आणि प्रस्तावनेत 'घरातील सुनांचे सहकार्य लाभले' एवढी एक ओळ.

असो. तुमचं बघू. आडनाव बाजूला ठेवा आणि आजोबा-पणजोबांचं गाव पक्कं करा. गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर, तहसीलमधली जन्म-मृत्यूची नोंदवही, जमीन असेल तर सातबाऱ्यावरून मागे मागे फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी. कुलकर्णी वतनं 1951 मध्ये गेली, त्या सुमाराचे फेरफार नीट वाचा, वारसांची नावं बऱ्याचदा तिथे मिळतात. त्याच्या मागे जायचं तर इनाम कमिशनचे, म्हणजे इंग्रज सरकारनं इनामांचे हक्क तपासायला नेमलेल्या कमिशनचे कागद. 1852 च्या कायद्यानंतर वतनदार-इनामदारांकडून कैफियती (आपल्या हक्काची लेखी हकीकत) आणि वंशावळी मागवल्या गेल्या, त्या पुण्याच्या पुराभिलेखागारात बघता येतात. मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, ठाण्याहून ते सोयीचं, पण देशावरच्या वतनांसाठी पुणंच गाठा. गाव आपल्याच भागातलं असेल तर लक्षात ठेवा, 2014 मध्ये पालघर वेगळा झाला; वाडा-वसईकडचं दप्तर कुठे आहे ते विचारूनच रजा टाका.

नाव सापडलं की लगेच नाचू नका. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे रामचंद्र गोविंद, गोविंद रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गोविंद असं चालतं आणि एक अख्खी पिढी नकळत गिळली जाते. गाव, बापाचं नाव आणि काळ, तिन्ही जुळेपर्यंत पेन्सिलीनंच लिहा.

एक राहिलं. मी वर जे बोलले ते कुलकर्णी, देशपांडे, पाटील असल्या हुद्द्याच्या आडनावांबद्दल. एखादं आडनाव एकाच गावात सापडत असेल तर नुसत्या सूचीवरूनही बरंच हाती लागतं. गावावरून पडलेल्या आडनावांचं मात्र तसंच अवघड, पेणकर बेने इस्रायलींत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतही आहेत. आणि त्र्यंबकच्या वह्यांत यात्रेकरू जे सांगेल तेच उतरवलेलं असतं, हेही खरं. भाऊजी हाच मुद्दा काढतात. पण माणूस आपल्या आजोबांना खोटं खोटं दत्तक कशाला लिहील? जात पडताळणीसाठी हवं असेल तर ती वाटच वेगळी, तिथे माझं हे उत्तर उपयोगाचं नाही. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी तालुक्यातालुक्यांतली मोडी दप्तरं उघडली गेली, त्यामुळे वाचणारे मिळतात, पण कामात बुडालेले असतात. त्यांना फोटो पाठवाल तो अख्ख्या पानाचा पाठवा, नावापुरता कापून नको. आमचा 'दत्तपुत्र' नावाच्या पुढे, पानाच्या पार कडेला होता.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघतेय असं पुतण्याकडून कळलं. टिपणं मागितली तर देईन, 'दत्तपुत्र'च्या त्या ओळीसकट.