मायक्रोस्कोपखाली कंडोमवर खळगे दिसले, म्हणजे तो गळका का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या लॅबमध्ये लॅटेक्स कंडोमचा तुकडा 400 पट मोठा करून पाहिला, त्यावर खळगे आणि रेघा दिसल्या, आणि आता मित्र म्हणतात की कंडोमचा काही भरवसा नाही. मी पुण्यात, पाषाणला, रबर-प्लास्टिकचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासतो. खळगा आणि आरपार भोक यांत फार फरक आहे.

कंडोमची जाडी साधारण 60 ते 80 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काचेचा साचा रबराच्या चिकात बुडवून सुकवतात आणि सहसा पुन्हा एकदा बुडवतात, त्यामुळे पहिल्या थरात राहिलेली उणीव दुसऱ्याखाली झाकली जाते. पृष्ठभागावर एखाद-दोन मायक्रॉनचा खळगा राहिला तरी त्याखाली सलग रबर असतं. गिलाव्याचा पोपडा निघाला म्हणून भिंतीला भगदाड पडत नाही, तसंच हे. शिवाय तुकडा नीट धुतला नसेल तर सिलिकॉन तेलाचे थेंब आणि पावडरचे कणही हुबेहूब खळग्यांसारखे दिसतात. आमच्याकडे तर इलेक्ट्रॉनचा झोत एकाच जागी जास्त वेळ राहिला की लॅटेक्सला तिथेच चिरा पडतात. त्या चिरा कंडोमच्या नव्हेत, तपासणीच्या.

उलट बाजूही सांगायला हवी. एचआयव्हीचा विषाणू सुमारे 0.1 मायक्रॉनचा, आणि साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा 0.2 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे काहीच दिसलं नाही, तरी त्यावरून निर्धास्त होता येत नाही.

म्हणून कारखान्यात प्रत्येक कंडोम धातूच्या दांड्यावर चढवून विजेने तपासतात; रबरातून वीज जात नाही, ती गेली तर भोक आहे. प्रत्येक लॉटमधले काही नमुने 300 मिली पाणी भरून टांगतात, काही हवा भरून फोडतात. 1992 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संशोधकांनी विषाणूएवढे प्लास्टिकचे कण वापरून, मुद्दाम कठोर परिस्थितीत 89 कंडोम तपासले. 29 मधून थोडी गळती झाली. हा आकडा लपवू नये. पण पुढचाही सांगावा: सर्वांत वाईट नमुनाही द्रव अडवण्यात कंडोम न वापरण्यापेक्षा किमान 10,000 पट चांगला होता.

प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर मित्रांना पाण्याची चाचणी करून दाखवा. मग दुसऱ्या नमुन्याला खोबरेल तेल लावा, थोडा वेळ ठेवा आणि दोन्ही ताणून बघा. तेलाने लॅटेक्स कमकुवत होतं; घराघरात खरा धोका त्या तेलाचा आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही.