एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये प्रतिस्पर्धी आपण निवडावा की रांगेत आपोआप मिळेल त्याच्याशी खेळावे?

आपला प्रश्न असा आहे की ‘एज ऑफ एम्पायर्स २ : डेफिनिटिव्ह एडिशन’ या संगणकावरील युद्धखेळात लॉबी (खेळाडूंनी स्वतः खोली उघडून सामना जमवण्याची सोय) असतानाही रँक्ड म्हणजे गुण मोजल्या जाणाऱ्या सामन्यात प्रतिस्पर्धी आणि नकाशा हवा तसा का निवडता येत नाही, आणि नवख्याने कोणती वाट धरावी. माझे मत आधीच सांगतो. तोडीचा प्रतिस्पर्धी शोधण्याचे काम यंत्र माणसापेक्षा निःसंशय चांगले करते. परंतु कोणत्या नकाशावर, कोणत्या नियमांनी आणि कोणाच्या संगतीत खेळायचे हेही तेच ठरवू लागले की खेळाडू वैतागतो, आणि तो वैताग मला रास्त वाटतो.

हा खेळ मूळचा १९९९ सालचा. त्यानंतर कित्येक वर्षे, आधी मायक्रोसॉफ्टच्या झोन या आणि पुढे व्हूबली या ऑनलाइन सेवेवर, सामना जमायचा तो लॉबीतच. होस्ट खोली उघडतो, नकाशा ठरवतो आणि आत येणाऱ्याचे रेटिंग (कौशल्याचे गुण) पाहतो. ते कमी वाटले तर त्याला सरळ बाहेर काढतो, फार जास्त वाटले तरीही काढतो. चार विरुद्ध चारच्या खोलीत सात जण ‘रेडी’ होऊन बसलेले असतात, आठवा चहाला गेलेला असतो, तेवढ्यात तिसरा कंटाळून निघून जातो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खोलीला ‘नूब्स ओन्ली’ (फक्त नवख्यांसाठी) असे नाव देऊन आत सराईत खेळाडूनेच दबा धरून बसणे हा तर जुनाच उद्योग आहे. निवड खेळाडूची असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात ती होस्टची असते. इतरांच्या हाती राहायचे की निघायचे एवढेच उरते.

रँक्ड रांगेत प्रतिस्पर्धी यंत्रच जुळवते, त्यामुळे हे सारे टळते. तिथे रेटिंगसाठी बुद्धिबळातून आलेली एलो पद्धत वापरतात आणि प्रत्येकाची सुरुवात १००० गुणांपासून होते. या पद्धतीच्या सूत्रानुसार दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने शंभरातले साधारण ७६ डाव जिंकणे अपेक्षित असते. म्हणजे २०० गुणांचे अंतरसुद्धा खेळाची मजा घालवायला पुरेसे आहे, आणि एवढा बारीक हिशेब कोणताही होस्ट नजरेने करू शकत नाही.

खरी अडचण नकाशाची आहे. रँक्डमध्ये ठरावीक नकाशांचा संच असतो, त्यातला एखादा आवडीचा म्हणून नोंदवता येतो आणि काहींवर बंदी घालता येते. मात्र संघ जितका मोठा, तितक्या प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या बंद्या कमी. परिणामी केवळ मोकळ्या मैदानाच्या ‘अरेबिया’साठी आलेल्याला घनदाट झाडीचे ‘ब्लॅक फॉरेस्ट’ मिळे, आणि तो सामना लोड होत असतानाच ऑल्ट व एफ-४ दाबून, म्हणजे खेळच बंद करून, पसार होई. सामना रद्द होऊन उरलेले सातही जण पुन्हा रांगेत येत. पुढे अशा पळपुट्यांना काही काळ रांगेत न घेण्याची शिक्षा आली आणि पळापळ कमी झाली. पण माणूस कंटाळून ‘ब्लॅक फॉरेस्ट’ खेळतो म्हणजे त्याला ते आवडू लागले, असे नव्हे.

मग हवा तो नकाशा का देत नाहीत? कारण प्रत्येक निवडीगणिक रांग फाटत जाते. समजा, या घडीला ९०० जण थांबले आहेत. पिंगसाठी (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्यास लागणारा वेळ कमी राहावा म्हणून) त्यांचे तीन प्रदेश केले की प्रत्येकी ३०० उरतात. (हे विभाजन टाळता येत नाही, भारतातून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना शे-सव्वाशे मिलिसेकंदांचा उशीर सोसावा लागतो.) त्या ३०० जणांचे तीन नकाशांत वाटे केले की १०० राहतात, आणि त्यांत आपल्या आसपासच्या रेटिंगचे जेमतेम पंधरा-वीस. रात्री दोनला तेवढेही नसतात.

तरीही सगळी निवड काढून घेण्याचे मी समर्थन करणार नाही. २००९ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीसी आवृत्तीतून डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंना स्वतः चालवता येणारे, कायम सुरू राहणारे सर्व्हर) वगळले, तेव्हा निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. (खेळ तरीही तडाखेबंद खपला, हेही नमूद केले पाहिजे.) ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये जुलै २०१६ मध्ये चालू सर्व्हरवर नेऊन सोडणारी क्विकप्लेची सोय जाऊन रांगेतून खेळाडू जुळवणारे कॅज्युअल मॅचमेकिंग आले. अशा खेळांत ठरलेल्या सर्व्हरवर रोज येणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखत, आणि शिवीगाळ करणाऱ्याला तिथला अ‍ॅडमिन (सर्व्हरचा व्यवस्थापक) हाकलून देई. रांगेतून जमलेले खेळाडू सामना संपताच पांगतात. त्यांना पुन्हा भेटायचे नसल्यामुळे कोणी कोणाची भीड बाळगत नाही.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की सुरुवात एकास-एक रँक्डपासून करावी. पहिल्या काही सामन्यांत सपाटून हार झाली तरी रांग सोडू नये, कारण रेटिंग खाली उतरून आपल्या खऱ्या पातळीवर येण्यास तेवढे डाव लागतातच. त्यानंतर बरोबरीचे वाटलेले दोन-तीन खेळाडू फ्रेंड लिस्टमध्ये घ्यावेत आणि त्यांच्यासाठी लॉबीत स्वतः खोली उघडावी. त्या खोलीचे होस्ट आपणच असल्यामुळे नकाशाही आपल्याच पसंतीचा राहील.